रताळ्यातले तण आणि घरातली बाटली

महाशिवरात्र जवळ आली की नागपूरच्या कॉटन मार्केटमध्ये रताळ्यांचे ढीग दिसू लागतात. आषाढी-कार्तिकीलाही तेच. या दिवसांत दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो, "डॉक्टरसाहेब, शुगर आहे, रताळं चालते का जी?" चालते; पण लहानसे, उकडलेले आणि साबुदाण्याच्या खिचडीऐवजी. खिचडी खाऊन वर तुपसाखरेतला रताळ्याचा कीस चालत नाही. एवढे ऐकून मंडळी समाधानाने घरी जातात. ते रताळे ज्या शेतातून आले, तिथे राबणाऱ्या माणसांच्या प्रकृतीबद्दल मात्र कोणी विचारत नाही. आजचा लेख त्याबद्दल आहे, आणि त्यातही रताळ्यातले तण काढणे या एकाच कामाबद्दल.

डॉक्टरने तणावर कशाला लिहावे, असे काही वाचकांना वाटेल. मी शेतीतज्ज्ञ नाही. पण पावसाळ्याचे चार महिने माझ्या दवाखान्याच्या बाकावर निंदणाऱ्या बायका पुष्कळ असतात. कुणाची कंबर धरलेली, कुणाचे गुडघे सुजलेले, कुणाच्या पायाच्या बोटांत चिखल्या झालेल्या, कुणाला लघवीची जळजळ, कुणाचे बोट विळ्याने कापलेले, तर कुणाचा ताप उतरत नाही. अलीकडच्या काही वर्षांत त्यात तणनाशकाच्या विषबाधेची भर पडली आहे. शेतातले तण कोणत्या ना कोणत्या मार्गाने काढावेच लागते. ते कोणाच्या शरीराच्या किमतीवर काढायचे, हा प्रश्न वैद्यकाचाही आहे.

आधी थोडे रताळ्याविषयी. रताळे बटाट्याचे भाऊबंद आहे असा सर्वत्र समज आहे, तो खरा नाही. बटाटा वांग्या-टोमॅटोच्या कुळातला, रताळे गारवेलीच्या कुळातले. आपल्याकडे नाल्याकाठी माजलेली बेशरम ही तर त्याची जवळची नातलग. बेशरम कशी फोफावते हे विदर्भातल्या माणसाला सांगायला नको. पसरण्याचा तोच गुण रताळ्याच्या वेलात आहे, फक्त बालपणी तो दुबळा असतो. वेलाचे तुकडे वरंब्यावर लावल्यावर मुळ्या धरायला आणि फुटवे यायला काही आठवडे जातात. तेवढ्यात केना, घोळ, माठ, लव्हाळा आणि हरळी त्याच्या डोक्यावर चढून बसतात. लावणीनंतर दुसऱ्या आठवड्यापासून सहाव्या-सातव्या आठवड्यापर्यंत शेत स्वच्छ राहिले, की पुढे वेल स्वतःच जमीन झाकतो. खाली ऊन पोचत नाही आणि तण दबून जाते. पीक साधारण चार महिन्यांचे, पण तणाशी खरा झगडा दीड महिन्याचा. पंधरा-वीस दिवसांनी एक निंदण, महिना-सव्वा महिन्याने दुसरे आणि त्याच वेळी वरंब्याला मातीची भर, इतक्यात काम भागते. त्यानंतर खुरपे घालू नये, कारण खाली पोसणाऱ्या रताळ्यांना इजा होते. एखादे मोठे झाड दिसले तर हाताने उपटावे.

हे सारे इतक्या तपशिलाने लिहिले, कारण माझे म्हणणे त्यावरच उभे आहे. दीड महिन्याच्या या झगड्यासाठी घरात तणनाशकाची बाटली आणू नये, आणि पॅराक्वाटची तर मुळीच आणू नये.

तणनाशकाला गावोगावी 'गवताचं औषध' म्हणतात. या 'औषध' शब्दाला एक डॉक्टर म्हणून माझी हरकत आहे. जे प्यायले असता माणूस मरतो आणि ज्यावर उतारा नाही, त्याला औषध म्हटल्याने घरातली पोरेबाळेही त्याला भीत नाहीत. खोकल्याची बाटली आणि ही बाटली एकाच फळीवर ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. असो.

बाजारातली तीन नावे बहुतेकांना माहीत असतात. पहिले टू-फोर-डी. ते रुंद पानांची झाडे मारते, आणि रताळ्याचे पान रुंदच आहे. म्हणजे केन्याबरोबर रताळेही गेले. शिवाय वाऱ्याने त्याचा अंश शेजारच्या कपाशीवर गेला तर तिची पाने आक्रसतात आणि दोन घरांत भांडण लागते ते वेगळेच. दुसरे ग्लायफोसेट. ते १९७४ पासून जगाच्या बाजारात आहे आणि हिरवे जे दिसेल ते मुळासकट मारते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये त्याची नोंद 'बहुधा कर्करोगकारक' या गटात केली. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याला ते पटले नाही आणि शास्त्रज्ञांत हा वाद आहे. आपल्या केंद्र सरकारने २०२२ मध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर परवानाधारक कीड-नियंत्रकांपुरता सीमित केला. त्याआधीही आपल्याकडे त्याला मान्यता होती ती चहाचे मळे आणि पीक नसलेल्या जागा यांसाठी. तरी विदर्भात ते मुबलक वापरले गेले, कारण तणनाशक सोसणारे, मान्यता नसलेले कपाशीचे बियाणे इथे पोचले होते. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने ते उघडपणे पेरून सरकारला आव्हान दिले, हे वाचकांना आठवत असेल. त्या आंदोलनामागची मजूरटंचाईची तक्रार खोटी नव्हती. तिच्याकडे पुढे येतो.

तिसरे पॅराक्वाट. बाटलीवर 'पॅराक्वाट डायक्लोराइड २४ टक्के' असे लिहिलेले असते. फवारल्यावर थोड्याच तासांत गवत करपलेले दिसते, म्हणून ते लोकप्रिय आहे. आपल्याकडे बटाट्यासाठी त्याला मान्यता आहे आणि दुकानात 'बटाट्याला चालते तर रताळ्याला का नाही?' असा सोपा हिशेब होतो. वर सांगितलेच आहे की ही दोन पिके एका कुळातली नाहीत. दवाखान्यात रुग्णाबरोबर आलेल्या तणनाशकाच्या एकाही बाटलीच्या लेबलावर मी रताळ्याचे नाव वाचलेले नाही.

आता हे द्रव्य शरीरात काय करते ते सांगतो. जगात १९६२ पासून विकले जाणारे हे रसायन जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गवारीत 'मध्यम धोकादायक' गटात आहे. ही वर्गवारी मुख्यतः उंदरांवरच्या चाचण्यांवरून ठरते, आणि आम्हा डॉक्टरांना दिसणारा अनुभव फार निराळा आहे. मूळ द्रावणाचे दोन-तीन चमचे पोटात गेले तरी प्रौढ माणूस दगावू शकतो. पहिल्या दिवशी तोंड आणि घसा भाजतो, जीभ सोलवटते, उलट्या होतात, पण माणूस शुद्धीवर असतो, बोलतो, चहा मागतो. नातेवाइकांना वाटते, वाचला. दोन-तीन दिवसांत मूत्रपिंड बंद पडू लागते. त्यानंतर पाळी फुप्फुसांची. हे विष फुप्फुसाच्या पेशी वेचून वेचून स्वतःकडे ओढून घेतात आणि तिथे जखमा भरून येतात त्या कडक धाग्यांच्या रूपाने. फुगणारे-मिटणारे फुप्फुस वाळल्या दोडक्यासारखे होत जाते. एरवी धाप लागलेल्याला आम्ही लगेच प्राणवायू लावतो. इथे तो सढळ हाताने दिला तर नुकसान वाढते, म्हणून डॉक्टरला तोही हात राखून द्यावा लागतो. एक ते तीन आठवडे रुग्ण सगळे समजत असताना श्वासाला महाग होतो. यावर उतारा नाही. कीटकनाशकाच्या विषबाधेत ॲट्रोपिन देऊन आम्ही पुष्कळांना परत आणतो, इथे त्याचा उपयोग नाही.

ज्यांनी हे घेतले त्यांतल्या सगळ्यांना मरायचे होते, असे समजू नये. एक प्रकार थंड पेयाच्या बाटलीचा. शेजाऱ्याकडून थोडे उसने आणले, रिकाम्या बाटलीत भरले, गडद रंगाचे पाणी पाहून कोणीतरी घोट घेतला. दुसरा प्रकार रागाचा. नवराबायकोची बोलाचाली, बापाने पोराला टाकलेला शब्द, आणि हाताशी असलेली बाटली. अशा पेशंटांपैकी अनेक जण दुसऱ्याच दिवशी म्हणतात, "मले जगायचं हाय डॉक्टरसाहेब." रागाचा झटका तासाभरात ओसरतो. त्या तासात हाताशी काय होते यावर पुढचे सगळे ठरते.

म्हणूनच बाटली घरात नसणे हाच यावरचा मोठा इलाज आहे, आणि हे केवळ माझे मत नाही. दक्षिण कोरियाने २०११ मध्ये पॅराक्वाटची नोंदणी रद्द केली, २०१२ मध्ये विक्री थांबवली. २०११ ते २०१३ या काळात तिथे शेती-विषांनी होणाऱ्या आत्महत्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. पिकांचे उत्पादन घटले नाही. श्रीलंकेनेही ते टप्प्याटप्प्याने बंद केले आणि तिथली भातशेती बुडाली नाही. स्वित्झर्लंडमध्ये १९८९ पासून आणि युरोपीय संघात २००७ पासून त्यावर बंदी आहे. तरीही युरोपातल्या बंदीनंतर कितीतरी वर्षे ते इंग्लंडमधल्या कारखान्यात तयार होऊन बाहेरच्या देशांत जात राहिले. स्वतःच्या शेतात नको ते दुसऱ्याच्या शेतात चालते, हा न्याय मला समजत नाही. आपल्या देशात केरळने २०११ मध्ये त्यावर बंदी घातली. महाराष्ट्राने हा विचार फार आधीच करायला हवा होता. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या हंगामात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मृत्युमुखी पडले आणि शेकडो जण इस्पितळात दाखल झाले. ती मुख्यतः कीटकनाशकांची बाधा होती, तणनाशकांची नव्हे, पण अपुरी साधने, चुकीची मिश्रणे आणि दुकानदाराच्या तोंडी सल्ल्यावर चाललेला कारभार दोन्हीकडे सारखाच आहे.

यावर शेतकरी मला जे सुनावतात तेही लिहिले पाहिजे. "डॉक्टरसाहेब, निंदायला बाया भेटत नाही. भेटल्या तर मजुरी परवडत नाही. तुम्ही येता का निंदाले?" प्रश्न रास्त आहे. दहा एकर कपाशीवाल्याला माझ्याकडे सोपे उत्तर नाही. पण रताळे हे आपल्याकडे बहुधा अर्ध्या-एका एकराचे पीक असते, आणि तिथे मजुरीचा बोजा कमी करता येतो. लावणीपूर्वी एक पाणी देऊन तण उगवू द्यावे आणि कोवळे असतानाच वखराने मारावे. असे दोनदा केले तर पुढचे निंदण बरेच हलके होते. सऱ्यांमध्ये सायकल डवरा चालतो, तो उभ्याने ढकलायचा असल्याने कंबरही वाचते. भंडाऱ्याकडे भाताचे तणस आणि इकडे सोयाबीनचे कुटार मिळते, ते वरंब्यांच्या मध्ये पसरले तर तण कमी उगवते. पावसाळी लावणीपेक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या लावणीत तणाचा जोर कमी असतो आणि माल नेमका महाशिवरात्रीच्या सुमारास निघतो. लव्हाळा आणि हरळी यांचा मात्र भरवसा नाही. लव्हाळ्याच्या गाठी जमिनीत राहिल्या की तो पुन्हा उगवतो. ज्या तुकड्यात त्याचे राज्य आहे तिथे रताळे न लावलेले बरे. तणांवर संशोधन करणारी राष्ट्रीय संस्था आपल्या शेजारी जबलपूरलाच आहे, १९८९ पासून. शेतीचा सल्ला दुकानदाराऐवजी तिथून किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठातून घ्यावा.

पण तण हातानेच काढा, असे म्हणून डॉक्टरला मोकळे होता येत नाही. निंदणे हे काम बायकांवर सोडलेले आहे आणि ते फार दुखरे काम आहे. दिवसभर उकिडवे बसून सरकत राहिल्याने कंबर आणि गुडघे जातात. त्यासाठी लांब दांड्याची अवजारे घ्यावीत आणि तास-दीड तासाने उठून पाय मोकळे करू द्यावेत. शेतमालकाने याला कामचुकारपणा समजू नये. शेतात आडोसा नसतो म्हणून कित्येक बाया सकाळपासून पाणीच पीत नाहीत, आणि मग लघवीची जळजळ आणि थंडीताप घेऊन येतात. हे सांगायला त्या लाजतात, म्हणून इथे स्पष्ट लिहिले. चार बांबू आणि एक जुनी साडी एवढ्यात आडोसा होतो.

बांधावरचे गाजर गवत हा आणखी एक त्रास. १९५५-५६ च्या सुमारास पुण्यात प्रथम आढळलेले हे काँग्रेस गवत आज सर्वत्र आहे. ते उघड्या हाताने उपटणाऱ्यांना कधीकधी चेहरा, मान, कोपराच्या खोबणी येथे खाजणारा, जाड पडणारा इसब होतो आणि तो वर्षानुवर्षे पिच्छा सोडत नाही. हातमोजे घालून, फुलण्याआधी, मुळासकट उपटावे.

आता तापाबद्दल, कारण इथे दिरंगाई जिवावर बेतते. २०१८ च्या पावसाळ्यात नागपूर आणि भोवतालच्या भागात स्क्रब टायफसची साथ आली आणि त्यात अनेकांचे प्राण गेले. गवतात, झुडपात असणाऱ्या अगदी बारीक किड्याच्या अळीच्या चाव्यातून हा आजार होतो. चावा दुखत नाही. साधारण दहा-बारा दिवसांनी जोराचा ताप, डोकेदुखी, अंगदुखी सुरू होते. चाव्याच्या जागी कधीकधी विडीच्या चटक्यासारखी काळी खपली दिसते. पण ती काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरेच्या नाडीखाली अशा जागी असते. विचारल्याशिवाय बाई दाखवत नाही आणि घाईत डॉक्टर बघत नाही. मलेरियाची तपासणी निरोगी येते, साधी तापाची गोळी काम करत नाही. वेळेत ओळखला तर डॉक्सीसायक्लिन या स्वस्त औषधाने दोन दिवसांत ताप उतरू लागतो. उशीर झाला तर फुप्फुसे, मूत्रपिंडे, मेंदू सापडतात. म्हणून ऑगस्ट ते नोव्हेंबरमध्ये ताप आलेल्या निंदणाऱ्या बाईने डॉक्टरला आपणहून सांगावे, "मी गवतात काम करते." औषध मात्र स्वतःच्या मनाने घेऊ नये. निंदताना पूर्ण बाह्यांचा जुना शर्ट आणि बंद पायताण घालावे, गवतावर अंग टाकू नये, घरी आल्यावर अंघोळ करून ते कपडे गरम पाण्यात टाकावेत. बुटांचा फायदा सापविंचवापासूनही होतो.

निंदणाऱ्या बायका पदरात काहीतरी घेऊन घरी जातात, हेही विसरू नये. कोवळा तरोटा, घोळ, माठ, कुरडू या आपल्या पावसाळी भाज्या म्हणजे शेतकऱ्याच्या दृष्टीने तणच. तरोट्याची भाजी पैसे न मोजता मिळणारे लोह आणि जीवनसत्त्वे देते. पण शेतात किंवा बांधावर तणनाशक मारले असेल तर ती भाजी खाऊ नये, आणि मालकाने हे मजुरांना आधी सांगितले पाहिजे. मला भेटलेल्या बायकांपैकी बहुतेकींना कोणी सांगितलेले नव्हते. रताळ्याचे कापलेले वेल गुरांना घालतात, त्यांनाही हाच नियम.

इतके वाचूनही कोणी फवारणार असेल, तर त्याला एवढेच सांगतो. लेबलावर आपल्या पिकाचे नाव नसेल तर घेऊ नका. थंड पेयाच्या बाटलीत ओतून आणू नका. हातमोजे, बूट आणि चष्मा घाला. तुंबलेले नोझल तोंडाने फुंकू नका. अंगावर सांडले तर कपडे तिथेच काढून साबण लावून पंधरा मिनिटे पाण्याने धुवा. उरलेली बाटली कुलूपबंद पेटीत ठेवा आणि किल्ली घरातल्या एकाच शहाण्या माणसाकडे द्या.

आणि पोटात गेलेच, तर लक्षणांची वाट पाहू नका. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोटे घालून उलटी करवू नका, भाजलेला घसा दुसऱ्यांदा भाजतो. १०८ क्रमांकाची गाडी बोलवा, ती येईस्तोवर मिळेल त्या वाहनाने निघा. पहिल्या एक-दोन तासांत कोळशाची पूड किंवा मुलतानी मातीसारखी विष शोषणारी द्रव्ये इस्पितळात देता आली तर थोडी आशा असते. दिल्लीच्या एम्समधील विषमाहिती केंद्राचा मोफत दूरध्वनी १८०० ११६ ११७ चोवीस तास चालू असतो, डॉक्टरही तिथे विचारू शकतात. घरात कोणी निराश बोलत असेल तर १४४१६ या टेलीमानसच्या क्रमांकावर मराठीत बोलता येते. इस्पितळात जाताना बाटली बरोबर न्या, लेबलासकट. कोणते विष हे कळेपर्यंत आमचा जो वेळ जातो, तो रुग्णाच्या वाट्यातून जातो.